जामीनदार मिळेना, म्हणून गुन्हा कबूल करायचा?

वाचकांचे प्रश्न, वकीलताईंची उत्तरं

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी घाटकोपरला असल्फ्याला राहते, चार घरी पोळ्या करते. माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा. पवईच्या एका टॉवरमध्ये ठेकेदाराकडून हाउसकीपिंगला होता. तिथल्या एका साहेबांच्या फ्लॅटमधून सोन्याची चेन आणि १८ हजार रोख गेले. त्या दिवशी त्या मजल्यावर काम त्याचं होतं, म्हणून पोलिसांनी त्याला उचललं. ठाण्यात एका कागदावर सही घेतली. साडेपाच महिने झाले, आता तळोज्याला आहे. कोर्टाने जामीन दिला त्यालाही सात आठवडे झाले. २५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. आमचे मामा जालन्याहून सातबारा घेऊन रात्रीच्या गाडीने आले, साडेतीन एकर आहे त्यांची. कोर्टात सांगितलं, मुंबईतला माणूस आणा, पगाराची स्लिप आणा. मी ज्यांच्याकडे कामाला जाते त्या चारही घरी विचारलं. कोणी तयार नाही, आणि त्यांचाही दोष नाही, कोण अडकून घेईल? मागच्या तारखेला कोर्टाच्या आवारात एक जण भेटला. म्हणाला, गुन्हा कबूल करायला सांगा, जेवढे दिवस आत काढले तेवढीच शिक्षा लागेल, संध्याकाळी घरी. भाऊ मुलाकातीला म्हणतो, ताई, मी घेतली नाही, पण कबूल करून टाकतो, इथे रात्री कूस बदलायला जागा नाही. त्याच टॉवरमधल्या दुसऱ्या एका साहेबांवर कोट्यवधींच्या फसवणुकीची केस झाली होती. ते आठवड्यात घरी आले, आता म्हणे केसच मिटली. आम्ही काय करावं?
— एक बहीण, असल्फा

उत्तर : ताई, आधी थेट उत्तर देते, कारण तुमची पुढची तारीख जवळ असणार. भावाने चेन घेतली नसेल तर आत्ता कबुली द्यायची नाही. त्याला जामीन मिळालेला आहे. तो आत आहे तो गुन्ह्यामुळे नाही, जामीनदार नाही म्हणून आहे. ही गाठ सोडवायला कायद्यात वाटा आहेत. त्या सगळ्या चालून बघितल्याशिवाय कबुलीचा विषयसुद्धा काढायचा नाही.

वाटा सांगते. मामांचा सातबारा परत काढून ठेवा. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालत नाही, हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोडून काढलंय. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा एक गवंडी होता. त्याला १० हजारांचा जामीनदार मागितला, भावाने तयारी दाखवली, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्यांनी नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. पुढे ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर देशभरासाठी निर्देश दिले. त्यातले तीन तुमच्या उपयोगाचे. जामीन मिळून महिना झाला तरी बंधपत्र भरलं गेलं नसेल, तर अट सैल करायची का याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा. स्थानिक जामीनदाराच्या आग्रहाने सुटका लांबते, तेव्हा ती अट घालू नये. आणि बाहेर आल्यावर जामीनदार आणतो असं आरोपी म्हणत असेल, तर त्याला ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन देता येतो. तुमचे सात आठवडे झालेत, म्हणजे महिना केव्हाच उलटला.

तेव्हा विधी सेवेच्या वकिलांकडून त्याच कोर्टात अर्ज करून घ्या. जामीनदाराची रक्कम कमी करा, नाहीतर रोख जामीन घ्या, नाहीतर नुसत्या जातमुचलक्यावर सोडा, असं तिन्ही एकाच अर्जात मागायचं. जातमुचलका म्हणजे त्याची स्वतःची हमी. तुमचा महिन्याचा पगार, घरभाडं, घरात खाणारी माणसं किती, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून सोबत जोडा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, तिचं कलम ४८४ सांगतं की बंधपत्राची रक्कम आरोपीची परिस्थिती बघून ठरवायची, जास्त ठेवायची नाही. त्या कोर्टाने ऐकलं नाही तर याच कलमाखाली सत्र न्यायालयात जाता येतं. तिकडे जायला घाबरू नका. केंद्राची २०२३ ची एक योजनाही आहे, गरीब कैद्यांसाठी. तिच्यात कच्च्या कैद्याच्या, म्हणजे खटला अजून संपलेला नाही अशाच्या, जामिनासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम सरकार भरू शकतं. प्रस्ताव जिल्हा समितीपुढे जातो. तुरुंग अधीक्षक आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दोन्हीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वकील दर तारखेला बदलत असतील तर तीही तक्रार प्राधिकरणाकडे करता येते. मदतीचा क्रमांक १५१००. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कोणी मागितला तर हे सांगा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून मुंबईतल्या कैद्यांसाठी काम करतोय. भावाला आत त्यांचे कार्यकर्ते भेटले तर त्यांच्याशी बोलायला सांगा.

आणि कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीनदार उभा करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. खोटं रेशनकार्ड, खोटी पगाराची स्लिप निघाली की आहे ती केस राहते बाजूला आणि बनावट कागदांची दुसरी उभी राहते.

आता त्या आवारातल्या माणसाचं बोलणं. तो दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ करतोय. एक म्हणजे साधी कबुली. न्यायाधीशांनी विचारल्यावर ‘गुन्हा कबूल’ म्हणायचं. मग शिक्षा किती, हे पूर्णपणे त्यांच्या हातात. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात. भोगलेल्या दिवसांवर सोडतीलही, पण त्यांच्या वतीने असा शब्द द्यायचा अधिकार कोणालाच नाही.

दुसरी गोष्ट प्ली बार्गेनिंग, म्हणजे गुन्हा मान्य करून कमी शिक्षेचा तोडगा. हे आपल्या कायद्यात ५ जुलै २००६ पासून आहे, आता नव्या संहितेच्या २८९ ते ३०० कलमांत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांनाच लागू, स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळलेले. आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत आरोपीने स्वतः अर्ज करायचा. मग तक्रारदार, सरकारी वकील, तपास अधिकारी आणि आरोपी एकत्र बसून सर्वांना मान्य होईल असा तोडगा काढतात, त्यात तक्रारदाराची भरपाईही येते. राहत्या घरातल्या चोरीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिलाच गुन्हा असेल तर या रस्त्याने तिचा सहावा भाग, म्हणजे १४ महिने. तुमच्या भावाचे साडेपाच झालेत. म्हणजे ‘संध्याकाळी घरी’ हे या हिशेबातही बसत नाही. बसवायचंच तर वकिलाने वेगळं प्रोबेशन, म्हणजे कैदेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका, मागावं लागतं. न्यायालय ते देऊ शकतं, मागितलं तर.

पण आत काढलेल्या दिवसांवर सुटका होतच नाही असं मी म्हणणार नाही. होते. म्हणून तर तो सल्ला इतका ओढतो. मी स्वतः तो दिलेला आहे.

वकिलीची माझी पहिलीच वर्षं, विधी सेवेच्या पॅनलवर होते. शहरातल्या एका दंडाधिकारी न्यायालयात १९ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला, शिवडीच्या गोदामात हमाली करायचा. मोबाइल चोरीचा आळ. तीन महिने आत, जामीनदार नाही, आई रोज बाकावर येऊन बसायची. मी म्हटलं, कबूल कर, आज सुटशील. सुटला. आईने माझे हात हातात घेतले आणि मला वाटलं, आज काहीतरी चांगलं काम झालं. दोन वर्षांनी तो परत आला. सिक्युरिटी गार्डची नोकरी लागली होती, पोलीस पडताळणीत शिक्षा निघाली, नोकरी गेली. त्याच्या वस्तीत पुढे एक चोरी झाली तेव्हा ‘जुना आरोपी’ म्हणून दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. त्या रात्री मी त्याचं दोषारोपपत्र काढून वाचलं. पहिल्यांदा. कबुली द्यायला लावण्याआधी मी ते पुरतं वाचलंच नव्हतं. पंचनाम्यात लिहिलं होतं की मोबाइल गोदामातल्या उघड्या फळीवर मिळाला. त्या गोदामात सात जण झोपायचे. खटला उभा राहिला असता तर पहिल्याच उलटतपासणीत हे बाहेर आलं असतं. आणि खरोखर कबुलीच द्यायची होती, तर २१ वर्षांखालच्या मुलाला शक्यतो कैदेत न पाठवता प्रोबेशनवर सोडा, असं १९५८ चा कायदा सांगतो. त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं की अशा शिक्षेमुळे येणारी अपात्रता त्या माणसाला चिकटणार नाही. मी तेही मागितलं नाही. माझी घाई होती, त्या दिवशी बोर्डावर माझ्या आणखी केसेस होत्या. त्याची किंमत त्या मुलाने दिली.

म्हणून ताई, भावाच्या वकिलांना म्हणा, दोषारोपपत्राची प्रत माझ्यासमोर वाचा. ती प्रत फुकट मिळते, हक्काने. चेन मिळाली का? कुठे मिळाली, कोणासमोर? मजल्यावर कॅमेरा आहे का, त्याचं चित्रण जप्त केलंय का? त्या दिवशी फ्लॅटची चावी आणखी कोणाकडे होती? ठाण्यात ज्या कागदावर सही घेतली तो कबुलीजबाब असेल, तर पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, त्याला घाबरायचं कारण नाही. फक्त त्या जबाबातून एखादी वस्तू सापडली असेल तर तेवढा भाग वापरता येतो. म्हणून चेन कुठे मिळाली हा प्रश्न मोठा.

त्या दुसऱ्या साहेबांबद्दल तुम्ही विचारलंत. ती केस मी बघितलेली नाही, तेव्हा त्यांनी काही गैर केलं असं मी म्हणणार नाही. चांगला वकील करणं हा गुन्हा नव्हे. पण अशा केसेस मिटतात कशा, ते सांगते. फसवणुकीच्या गुन्ह्यात तक्रारदार राजी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तडजोड होते. शिवाय २०१२ च्या ग्यानसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की ज्या भांडणाचं स्वरूप मुख्यतः व्यापारी, आर्थिक आहे, त्यात दोघांचं पटलं तर उच्च न्यायालय गुन्हाच रद्द करू शकतं. त्यामागे विचार आहे. ज्याचे पैसे गेले त्याला ते परत मिळतात. पण परिणाम बघा. कोटी परत करू शकणाऱ्याच्या नावावर काही उरत नाही, ना शिक्षा ना नोंद. आणि तुमच्या भावाने चेन घेतलीच नसेल तर त्याच्याकडे परत करायलाही काही नाही. त्याच्याकडे द्यायला एकच गोष्ट आहे, ‘हो, मी केलं’ हे वाक्य. मला वर्षानुवर्षं हेच खुपत आलंय. सौदा करायला दोघे समान पातळीवर हवेत. एकाचा मुक्काम तळोज्यात आणि दुसऱ्याचा घरात, असं असताना जे ठरतं त्याला मी सौदा म्हणत नाही. तेव्हा आधी त्याला बाहेर आणा. बाहेर आल्यावर, घरचं जेवून, चार रात्री झोपून, तुमच्याशी आणि वकिलांशी बोलून तो जे ठरवेल ते ठरवू दे. आरोप निश्चित झाला नसेल तर मुदतीचीही घाई नाही.

एक गोष्ट त्याला मुलाकातीत नक्की सांगा. यातल्या कुठल्याही टप्प्यावर प्ली बार्गेनिंगचा अर्ज कोणी पुढे रेटलाच, तर न्यायाधीशांना त्याला बंद दालनात, समोरच्या पक्षाला बाहेर ठेवून विचारावं लागतं की हे तू मनाने करतोयस का. तिथे त्याने खरं बोलायचं. कोणी भरीला घातलं तेही सांगायचं.

प्रश्न : मी चर्चगेटला विधी शाखेच्या चौथ्या वर्षाला आहे. अमेरिकेत बहुतेक फौजदारी खटले प्ली बार्गेनिंगने संपतात. आपल्याकडे शंभरात एकही नाही. तुरुंगांत खटला न चाललेलीच माणसं भरलेली असताना आपण हा मार्ग जोरात का वापरत नाही?
— विद्यार्थी, डोंबिवली

उत्तर : आकडे तुझे बरोबर आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच एका निकालात नोंदवलं की संघराज्याच्या न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा आरोपीच्या कबुलीने होतात. आपल्याकडे २०२२ अखेर तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारांतले तीन. आर्थर रोडच्या बराकीत एकदा जाऊन आलास की ‘काहीही करा पण हे रिकामं करा’ असं तुलाही वाटेल. मलाही वाटतं.

पण त्या ९७ टक्क्यांच्या आत काय आहे, तेही वाच. पॉल हेज नावाचा केंटकीतला माणूस. खोटा धनादेश वटवल्याचा आरोप, रक्कम ८८ डॉलर ३० सेंट. सरकारी वकील म्हणाले, कबूल कर, पाच वर्षं मागतो. नाही केलंस तर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. त्याने नकार दिला, खटला लढवला, हरला आणि त्याला जन्मठेप झाली. १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी यात गैर काही नाही असं ठरवलं. दुसरा कॅलिफ ब्राउडर. न्यूयॉर्कमधला १६ वर्षांचा मुलगा, २०१० मध्ये दप्तर चोरल्याच्या आरोपावरून धरला. जामीन तीन हजार डॉलर, घरच्यांना जमले नाहीत. रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं राहिला, त्यातला बराच काळ एकांत कोठडीत. कबूल कर, सोडतो, असं त्याला पुन्हापुन्हा सांगितलं. तो म्हणत राहिला, मी केलेलं नाही. २०१३ मध्ये सरकारने आरोप मागे घेतले. २०१५ मध्ये त्याने आत्महत्या केली. तीन हजार डॉलर असते तर तो खटल्याची वाट घरी बसून बघू शकला असता.

आपल्याकडे या कल्पनेला आधी विरोध झाला तो नेमक्या उलट्या बाजूने, हे तुम्हां विद्यार्थ्यांना फारसं कोणी सांगत नाही. १९७६ मध्ये मुरलीधर लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खाद्यतेल भेसळीच्या खटल्यात कृष्ण अय्यर यांनी, आणि १९८० मध्ये कासमभाई शेख विरुद्ध गुजरात राज्य या भेसळीच्याच खटल्यात न्यायमूर्ती भगवतींनी प्ली बार्गेनिंगवर कडक टीका केली. भीती ही होती की व्यापारी कबुली देऊन थोडक्यात सुटतील आणि भेसळीचं खाणाऱ्या लोकांच्या वाट्याला काहीच येणार नाही. पुढे विधी आयोगाच्या १४२ व्या आणि १५४ व्या अहवालांनी, मग फौजदारी न्यायव्यवस्था सुधारण्यासाठी नेमलेल्या मळीमठ समितीने बाजू बदलली, आणि कारण दिलं ते कच्च्या कैद्यांचं. म्हणजे ज्याच्या हितासाठी कायदा आला तो आत बसलेला गरीब माणूस. त्याच्या बाजूने तो वापरला जायला हवा असेल तर आधी त्याचा जामीन व्हावा लागतो, आणि दोषारोपपत्र वाचलेला वकील शेजारी बसलेला असावा लागतो. हे दोन्ही नसताना आकडा वाढला, तर तो मी वर ज्या मुलाची गोष्ट सांगितली तसल्या मुलांनी वाढेल.

एक तुलना तुझ्या अभ्यासासाठी. तुझ्या कॉलेजपासून तासाभराच्या आत वांद्रे-कुर्ला संकुलात सेबीचं कार्यालय आहे. शेअर बाजारातल्या नियमभंगाचं प्रकरण तिथे ठरलेली रक्कम भरून, आरोप मान्य किंवा अमान्य न करता मिटवता येतं, २०१८ ची तशी नियमावली आहे. ती फौजदारी कारवाई नाही, आणि प्रत्येक प्रकरण तिथे मिटतंही असं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ती नियमावली आणि प्ली बार्गेनिंगची कलमं शेजारी ठेवून वाच. एका माणसाला ‘मी केलं’ न म्हणता पैसे भरून मोकळं होता येतं. दुसऱ्याकडे पैसे नाहीत, म्हणून त्याला तेच म्हणावं लागतं. यावर प्रबंध लिहिणार असलास तर दंडाधिकारी न्यायालयांत सहा महिने बाकावर बसून लिही. कुर्ला, अंधेरी, भोईवाडा, कुठेही. निकालांच्या पुस्तकांत ही माणसं सापडत नाहीत, कारण कबुलीवर अपील फारसं होत नाही.

प्रश्न : मी रिक्षा चालवतो, स्वतःचा बॅज काढायचाय. २०१९ ला पार्किंगवरून हाणामारी झाली होती. लोक अदालतीत गुन्हा कबूल करून हजार रुपये दंड भरला, विषय संपला असं सांगितलं. आता पडताळणीच्या फॉर्मवर ‘शिक्षा झाली आहे का’ असं विचारलंय. काय लिहू?
— रिक्षाचालक, मालाड

उत्तर : खरं लिहा, दादा. दंड हीसुद्धा शिक्षाच. विषय संपला असं सांगणाऱ्याने तुम्हाला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. लपवलेलं निघालं तर मूळ हाणामारीपेक्षा ते लपवणं महागात पडतं. २०१६ च्या अवतारसिंग निकालात, सरकारी नोकरीच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू सांगितल्यात: माहिती खरी द्यायची, आणि गुन्हा किरकोळ असेल तर समोरच्यानेही तो तारतम्याने बघायचा. त्या कोर्टातून आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि फॉर्मला जोडा. कलम कोणतं होतं आणि शिक्षा फक्त दंडाची होती, हे कागदावरून दिसू दे. नुसतं ‘होय’ लिहून सोडलंत तर वाचणारा काहीही समजेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, दादरला राहतो. घरकामाच्या बाईंनी माझ्या दिवंगत पत्नीच्या दोन बांगड्या नेल्या. एक पोलिसांनी सराफाकडून हस्तगत केली, ती आठ महिने ठाण्यात पडून आहे. दुसरी वितळवली म्हणतात. आता त्यांच्या वकिलांनी प्ली बार्गेनिंगचा अर्ज केलाय आणि मला कोर्टाची नोटीस आली. मुलगा म्हणतो, अजिबात मानू नका, गरीब म्हणून सोडायचं का. मला राग आहेच. पण त्यांची मुलगी माझ्याकडे गणित शिकायला यायची. आणि भरपाई त्या देणार कुठून?
— एक वाचक, दादर

उत्तर : गुरुजी, तुमचा राग रास्त आहे. पत्नीच्या बांगडीचं मोल सराफाच्या काट्यावर ठरत नाही, आणि ती गेल्याचं दुःख कोणी समोरच्याच्या गरिबीकडे बोट दाखवून लहान करू नये. मुलाचंही मला पटतं. गरीब म्हणून सोडा, असं मी कधी म्हणत नाही. श्रीमंताला जेवढं ऐकून घेतलं जातं तेवढंच गरिबाचंही ऐकून घ्या, एवढंच माझं म्हणणं.

आधी बांगडीचं बघू. ठाण्यात पडून राहायची तिला गरज नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात कुजवत ठेवू नये. फोटो काढावेत, पंचनामा करावा, बंधपत्र घेऊन लवकर मालकाला द्यावा. बांगडी तुमच्या घरातली असल्याचं दाखवणारं काही जवळ ठेवा, जुनी पावती किंवा पत्नीच्या हातात ती दिसत असलेला लग्नकार्यातला फोटो, आणि मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या. याचा प्ली बार्गेनिंगशी काही संबंध नाही, त्यासाठी थांबू नका.

नोटिशीबद्दल. बैठकीला जायचं, हवं तर स्वतःचा वकील घेऊन. तिथे नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नाही म्हटलंत तर खटला पुढे चालतो, आणि त्या अर्जात त्या बाईंनी जे सांगितलं ते त्यांच्याविरुद्ध वापरता येत नाही. हो म्हणायचं असेल तर भरपाई किती, एकदम की महिन्याला थोडी, हे तिथे बोलता येतं. कायद्याने ‘दोघांचं समाधान’ म्हटलंय आणि कोर्टकचेरीत समाधान रुपयांत मोजायची सवय पडलीय. पण रक्कम तुमच्या संमतीने ठरते, ती शून्यही असू शकते. त्यांचा हा पहिलाच गुन्हा असेल तर प्रोबेशनला तुमची हरकत आहे की नाही, एवढं तुमचं मत सांगा. न्यायाधीश ते लक्षात घेतील. मुलालाही सोबत न्या. त्यानेही त्या बाईंना समोर बसलेलं बघावं असं मला वाटतं.

आणि जायच्या आधी सरकारी वकिलांना एक विचारा. त्या बाई सध्या घरी आहेत की भायखळ्याच्या तुरुंगात? आठ महिने आत असतील तर त्या अर्जावरची सही कशी झाली असेल, हे वरच्या असल्फ्याच्या पत्रात तुम्ही वाचलंच आहे. तसं असेल तर, तुमची तयारी असल्यास, सरकारी वकिलांना लेखी कळवा की त्यांच्या जामिनाला तुमची हरकत नाही. त्या बाहेर आल्या की बैठकीची तारीख मागून घ्या.